‘दुखते आहे’ असे मूल म्हणते तेव्हा

(शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्यासमोर रुग्णालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत मूल पडले, भाजले वा घेरी येऊन कोसळले तर काय करावे, हे सांगावे अशी आपली सूचना होती. ते आधी थोडक्यात सांगतो. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. आपल्या नागपूरच्या उन्हात मुलांचा घोळणा फुटणे नित्याचेच. अशा वेळी डोके मागे न टाकता पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा २०१४ पासून राज्यात विनामूल्य उपलब्ध आहे. डोक्याला मार लागून मूल ओकू लागले वा पेंगू लागले, तर शाळा सुटण्याची वाट पाहू नये.

हे सारे अर्ध्या तासात शिकता येते, कारण जखम डोळ्यांना दिसते. आम्हांला अधिक बोलावयाचे आहे ते न दिसणाऱ्या दुखण्याविषयी.

विदर्भात ते दुखणे सिकलसेलचे असू शकते. नागपुरातील डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये या भागातील सिकलसेलची नोंद केली, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पलीकडील हाडामांसाला प्राणवायू मिळेनासा होतो. त्यातून उठणारी कळ मोठ्या माणसालाही रडवणारी असते. पण वर खरचटलेले नसते, रक्त नसते, पुष्कळदा सूजही नसते. सकाळी प्रार्थनेला हसत उभे राहिलेले मूल दुसऱ्या तासाला पाय धरून बसते. मग ‘गणिताचा तास आला की बरे दुखते!’ असे कोणीतरी म्हणते. आमच्या बालरुग्ण विभागात येणाऱ्या माता हे वाक्य आम्हांला वारंवार ऐकवतात. शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. साठ मुलांच्या वर्गात खरेखोटे पारखणे सोपे नसते. आमचे म्हणणे एवढेच की पारखण्याचे काम शाळेचे नव्हेच. दहांपैकी नऊ वेळा मूल बहाणा करीत असले, तरी दहाव्या वेळेसाठी दहाही वेळा विश्वास ठेवावा.

दुखू लागताच मुलाला आडवे करावे, भरपूर पाणी पाजावे, अंगावर पांघरूण घालावे, दुखऱ्या भागी सोसेल इतकाच शेक द्यावा आणि पालकांनी लेखी कळवून ठेवलेले औषधच द्यावे. बर्फ मात्र लावू नये. मुरगळलेल्या पायाला बर्फ हा आपल्या हाताचा झालेला उपाय. सिकलसेलच्या मुलाला तो अपायकारक ठरतो, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळच्या शाळेत गणवेशावर स्वेटर चालणार नाही हा नियम या मुलांपुरता तरी बाजूला ठेवावा.

पाण्याची गोष्ट निराळीच. या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणे जमत नाही. म्हणून त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि तितकेच पाणीही प्यावे लागते. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे. परंतु ‘तास संपेपर्यंत कोणी उठायचे नाही’ ही शिक्षा मानली जात नाही, शिस्त मानली जाते. या मुलांना ती शिस्त रुग्णालयात पोहोचवू शकते.

चार लक्षणे दिसल्यास मात्र शेक, पाणी यांत वेळ घालवू नये. १०१ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप. छातीत दुखणे वा धाप. चेहरा एकाएकी पांढराफटक पडून पोट फुगणे. आणि तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे वा बोलणे अडखळणे. यांतील ताप सर्वांत फसवा. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्याने साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. गोळीने ताप उतरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावेच.

पालकहो, आता आपल्याशी. आजार शाळेला कळला तर पुढे मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने पुष्कळ घरांत तो लपवला जातो. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच शाळांना आमची आग्रहाची विनंती आहे की ही माहिती हजेरीपटावर लाल शाईने लिहू नये; मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि मुलांना सांभाळणाऱ्या मावशी यांच्यापुरतीच ती राहावी. केवळ वाहक असलेल्या मुलाला आजारी समजू नये. त्याला सहसा कोणताही त्रास नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही कार्यालयातील लिपिकांना ठाऊक असावे.

आठ-दहा दिवस रुग्णालयात काढून परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मैदानाला फेऱ्या मारावयास लावू नये, आणि बुडालेल्या धड्यांसाठी उभेही करू नये.

मुलाचा आजार, चालू औषधे, उपचार करणारे डॉक्टर आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक यांचा एकपानी नमुना आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर विनामूल्य मिळतो. तो भरून एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि दुसरी मुलाच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवावी. औषध बदलले की दोन्ही प्रती बदलाव्यात.