कानामागे हात घालून पाहा

(कल्याण येथे वीटभट्टीवरील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी गोचिडांविषयी बोलणार आहे असे सांगितले तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटले. दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते.

दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरकडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवर येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. भांडी, गोधडी, कोंबड्या आणि मागोमाग कुत्रा. तिथे मी मुलांचा वर्ग घेत होते. नऊ वर्षांच्या एका मुलीचा काळ्या नावाचा कुत्रा वर्गाच्या दारात बसून असे. मार्चमध्ये तो खाईना. एके दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. मी म्हटले, "उन्हाने घोळणा फुटला असेल, पाणी पाजा, सावलीत ठेवा." आठ दिवसांत काळ्या गेला. पोरगी चार दिवस वर्गाला आली नाही. तिची आजी म्हणाली, "ताई, त्याचे कान गोचिडांनी भरले होते." मी ते ऐकले आणि हजेरीची वही उघडली.

त्याच पावसाळ्यात डोंबिवलीत आमच्या घरचा कुत्रा मलूल झाला. डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासले तर प्लेटलेट फार कमी. गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात गेले होते. रक्त गोठेनासे झाले की नाकातून रक्त येते, असे डॉक्टरांनी समजावले, तेव्हा मला भट्टीवरचा काळ्या आठवला. आमचा कुत्रा चार आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या खाऊन बरा झाला. काळ्याला नेमके काय झाले होते हे आता कळणार नाही. पण एकाचा ओठ कोणीतरी उचलून पाहिला, दुसऱ्याचा पाहिला नाही, एवढे मला कळते. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी मी मेंढपाळावर लांबलचक निबंध लिहिला होता. जनावराच्या कानामागे हात घालून मात्र कधी पाहिले नव्हते.

आता गोचिडाचा संसार समजून घेऊ. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतोच. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते आणि भेगेत शिरून हजारोंनी अंडी घालते. अंड्यातून सहा पायांचे बारीक पिल्लू निघते. ते कुत्र्यावर चढते, रक्त पिते, उतरते, कात टाकून आठ पायांचे होते. पुन्हा चढते, पुन्हा उतरते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भट्टीवरची खोपी बिनचुन्याच्या विटा रचून केलेली असते. गोचिडाला याहून चांगले घर कुठले? इमारतीत राहणाऱ्यांनीही हसू नये. कपाटामागची फट, खिडकीची चौकट, जिन्याचा कोपरा त्याला तेवढाच आवडतो.

करायचे काय, ते सांगते.

पहिले, रोज हात फिरवा. कानाच्या आत व मागे, मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली.

दुसरे, गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. रॉकेल, जळकी काडी, गाडीचे तेल, काही नको. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये टाका. नखावर चिरडू नका. नंतर जागा पुसा, हात साबणाने धुवा.

तिसरे, औषध डॉक्टरांना विचारून, जनावराच्या वजनाप्रमाणे. मानेवर टाकायचे थेंब असतात, पट्टे असतात, गोळ्या असतात. शेतातल्या फवारणीचे औषध अंगाला कधीही चोळू नका. जनावर ते चाटते. कुत्र्याचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला लावले तर मांजर मरू शकते. लहान पिल्लांचे औषध वेगळे असते.

चौथे, जागा. भेगा मातीने लिंपा, कुत्र्याचे पोते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका, खोपीभोवतीचे गवत कापा.

पाचवे, ताप, खाणे सुटणे, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो प्रत्येकाने आत्ताच मोबाइलमध्ये घालावा.

चिरडू नका असे का म्हटले? १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मेली आणि माणसे तापाने फणफणली. तो माकडताप जंगलातल्या गोचिडांमुळे होतो. २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गात, बांदा-दोडामार्गकडे, त्याने माणसे दगावली. काँगो ताप २०११ मध्ये गुजरातेत आढळला. तो तर गुराढोरांवरचा गोचीड उघड्या हाताने चिरडल्यानेही लागू शकतो. २०२० मध्ये पालघर जिल्ह्याला त्यासाठी सावध केले गेले. हे ताप काळ्याच्या अंगावरच्या गोचिडांचे नव्हेत आणि मी भीती घालत नाही. पण कोणता गोचीड काय घेऊन फिरतो ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सवय एकच ठेवावी.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, माणसांनाच औषध नाही तिथे कुत्र्याचे कसले? मीही एकदा त्या आजीला म्हणाले होते, "कुत्रा पाळूच नका ना." ती म्हणाली, "ताई, आम्ही दिवस उजाडायच्या आत थापायला जातो. पोरं खोपीत निजलेली असतात. साप आला तर कोण भुंकेल?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून माझी विनंती लहान आहे. यंदा भट्टीवर जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एक चिमटा, स्पिरिटची बाटली आणि हातमोजे असावेत. आरोग्य शिबिर ठरले की त्याच दिवशी पशुवैद्यकांनाही बोलवावे.

ती मुलगी यंदा परत आली आहे. सोबत तपकिरी पिल्लू आहे. मी तिला सांगितले, "काळ्याच्या वेळी मला कळले नव्हते." ती काही बोलली नाही. पिल्लू माझ्या मांडीवर ठेवले आणि त्याचा कान उलटा करून धरला. आम्ही दोघींनी मिळून तीन गोचीड काढले.