प्रवर्धनाचा प्रश्न रंगाचा नाही, वेळेचा आहे

मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्री केबलमधला प्रकाश वाटेत अनेकदा वाढवलेला असतो. नेहमीच्या चांगल्या काचतंतूतही १०० किलोमीटरनंतर त्याचा शंभरावा हिस्साच उरतो. तो वाढवण्याचे काम काचेत मिसळलेले एर्बियम करते. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातील डेव्हिड पेन यांच्या गटाने ते दाखवले आणि दूरसंचाराचे चित्र पालटले. पण एर्बियमचा मुख्य पट्टा १५३० ते १५६५ नॅनोमीटर एवढाच आहे. काच मात्र १२६० पासून १६२५ पर्यंतचा प्रकाश चांगला वाहून नेते. म्हणून संशोधकांची नजर कलिल नॅनोस्फटिकांकडे, म्हणजे द्रावणात वाढवलेल्या क्वांटम डॉट्सकडे वळली. शेंगदाणा तेलातही असणारे ओलेइक आम्ल चंबूत तापवून त्यात शिसे आणि गंधक यांची संयुगे एकत्र आणली, की लेड सल्फाइडचे काही नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि त्याच आम्लाचे रेणू त्यांच्याभोवती चिकटून बसतात. कण लहान-मोठा केला की प्रकाशाची तरंगलांबी बदलते. १३०० हवी तर १३००, १५५० हवी तर १५५०.

या सोयीने मोहून जाणे स्वाभाविक आहे, पण माझ्या मते खरी अडचण तिथे नाहीच. उत्तेजित एर्बियम ऊर्जा सुमारे १० मिलिसेकंद धरून ठेवते, त्यामुळे साधा अखंड लेसर त्याला पुरतो. नॅनोस्फटिकात प्रवर्धनासाठी एकाच कणात एकाहून अधिक उत्तेजने लागतात आणि ती एकत्र आली की ‘ओझे’ (Auger) नावाच्या प्रक्रियेत एक दुसऱ्याला ऊर्जा देऊन विझते. हे सारे शंभरेक पिकोसेकंदांत, म्हणजे एर्बियमच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी लवकर आटोपते. व्हिक्टर क्लिमॉव्ह आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे प्रवर्धन दाखवले, तेही अतिशय छोट्या लेसर-स्पंदांच्या जोरावर.

यावर कोणी म्हणेल, कणाभोवती जाड कवच चढवले की ओझेचा वेग मंदावतो. खरे आहे, पण हे यश मुख्यतः दृश्य प्रकाशाच्या कॅडमियम सेलेनाइडमध्ये मिळाले. लेड सल्फाइडमध्ये आठपट अवनती, म्हणजे एकाच ऊर्जापातळीवर आठ जागा, असल्याने प्रत्येक कणात सरासरी चार उत्तेजने झाल्यावर कुठे प्रवर्धन सुरू होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रामन प्रवर्धक कोणत्याही तरंगलांबीवर चालतात, मग हा खटाटोप कशाला? पण रामनला किलोमीटरगणती तंतू आणि जबर पंप लागतो, तर नॅनोस्फटिक एर्बियमपेक्षा लाखो पटींनी जोरात प्रकाश शोषतात. काही सेंटिमीटरच्या प्रवर्धकाची आशा धरता येते ती यामुळेच.

तेव्हा हे नॅनोस्फटिक पोकळ तंतूत भरावेत की निमुळत्या तंतूवर लेपावेत, हा वाद मी दुय्यम मानतो. सिलिकाचा तंतू ओढताना सुमारे २००० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यात हे कण टिकत नाहीत, म्हणून ते एर्बियमसारखे थेट काचेत मिसळता येत नाहीत, एवढे धरून चालावे. आधी स्फटिकाची आतली रचना सुधारायला हवी. कणात आधीच इलेक्ट्रॉन भरून ठेवले तर प्रवर्धनाचा उंबरठा उतरतो, हे क्लिमॉव्ह यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले. ही वाट अवरक्तात नेऊन, अखंड पंपाखाली, १३०० नॅनोमीटरवर आत शिरल्यापेक्षा जास्त प्रकाश बाहेर पडतो का, हे आधी मोजले पाहिजे.