जीभ धुऊन घरी जाऊ नका
(वलवण इथं हायस्कूलच्या मुलामुलींच्या निवासी उन्हाळी नाट्यशिबिरात केलेलं भाषण)



मी नाटकवाला नाही. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो, उरल्या वेळात कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. अभिनय कसा करायचा ते इथले ताई-दादा शिकवतील. मी आवाजाबद्दल बोलणार आहे.

बोटीच्या पोटात टोळी असते, वर क्रेनवाला. खालचं त्याला दिसत नाही. मधला माणूस 'हबेस' ओरडला की माल वर, 'आरिया' ओरडला की खाली. हे शब्द कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. ओरडणारा कोकणातला की मराठवाड्यातला, त्याचा उच्चार शुद्ध की अशुद्ध, कुणी विचारत नाही. आवाज पोचला नाही तर खाली माणूस चेंगरतो. नाटकालाही हेच माप लावा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं का? आणि खरं होतं का?

पण शिबिर म्हटलं की पहिल्याच दिवशी 'न' आणि 'ण' निघतो. 'पानी' म्हणणारा पोरगा गप्प होतो. चार दिवसांनी भूमिका वाटतात तेव्हा 'पाणी'वाला राजा होतो आणि 'पानी'वाला भालदार. त्याला वाक्य एकच, 'जी महाराज'. वर्गात, हापिसात जे वाटप चालतं तेच इथं वेष बदलून येतं. तेव्हा श्वास शिका, फेक शिका, थांबायचं कुठं ते शिका. 'पाणी' म्हणायलाही शिका, वकिलाचं काम आलं तर लागेल. पण आपल्या आयांचं काम आलं तर त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. जिभेला धार लावा, ती धुऊन घरी जाऊ नका.

कुणी म्हणेल, तुम्हाला नाटकाची परंपरा कुठाय? त्याला सांगा, १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. गरोदर कुणबीण, तिचा नवरा, त्यांना लुबाडणारा जोशी आणि मधेच तोंड घालून ढोंग उघडं पाडणारा विदूषक. शेवटी नवराबायको शाळेत शिकायला निघतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. छापून आलं १९७९ साली! सव्वाशे वर्षं नाटक अंधारात.

पुढच्यांनी कमिटीची वाट पाहिली नाही. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले. मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. तमाशाचा साचा घेतला, आत मजकूर आपला भरला. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातल्या पोरांनी म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' बाबासाहेबांपुढं केलं. तीही तुमच्याहून फार मोठी नव्हती.

विषयासाठी राजवाड्यात जायची गरज नाही. हे वलवणचं धरण बघा. याचं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं, तिथं वीज होते. १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पाणी मावळचं, उजेड मुंबईला. धरणाचा दगड कुणी वाहिला? पाण्याखाली जमीन कुणाची गेली? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, वहीत उतरवा. पहिला प्रवेश तिथंच सापडेल.

इथून जवळच कार्ल्याची लेणी. एक दिवस चालत जा. चैत्याच्या दर्शनी भिंतीवर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलंय. दार त्यानं केलं म्हणून. दोन हजार वर्षं झाली, तो सुतार नावानिशी उभा आहे. आणि आपण आपल्या नाटकात भालदाराला साधं नाव देत नाही! त्याला नाव द्या. घर द्या. राजाला उलटा प्रश्न विचारायची एक जागा द्या. बघा नाटक कसं फिरतं.

शिबिर संपताना पाहुण्यांपुढं प्रयोग होईल, टाळ्या पडतील. खुशाल घ्या. पण खरा प्रयोग जूनमध्ये, आपापल्या वस्तीत, नळावरच्या रांगेपुढं. तिथं मी येईन, सगळ्यात मागं उभा राहीन. आवाज पोचला नाही तर ओरडून सांगेन.

जयभीम.