डोळे झांकून घेतलेली खोली



परक्या महानगरांत पाऊल टाकणाऱ्यास सर्वांत आधीं भेडसावणारा प्रश्न म्हणजे रात्रीं पाठ टेकण्यास जागा कोठें मिळेल, हा होय. न्यूयॉर्कमध्यें एका रात्रीचें भाडें ऐकून मध्यम स्थितींतील प्रवाशाची छाती दडपून जाते. मुलांकडे अमेरिकेस जाणारे आपलेही पुष्कळ आईबाप आतां या फेऱ्यांत सांपडतात. त्यांच्या उपयोगीं पडेल अशा एका विलक्षण बाजाराची ओळख आज करून द्यावयाची आहे.

आपल्या बैलबाजारांत दलाल उपरण्याखालीं बोटें धरून सौदा ठरवितात. तेथें बैल सर्वांसमोर उभा असतो. गुप्त असते ती किंमत. या बाजारांत झांकलेला असतो तो मालच! १९९८ सालीं जे वॉकर या अमेरिकन गृहस्थांच्या प्राइसलाइन कंपनीनें इंटरनेटवर असा परिपाठ सुरू केला कीं, गिऱ्हाइकानें शहराचा विभाग, तारीख व तारकांनीं दर्शविलेली हॉटेलची प्रत निवडावी आणि आपण काय देऊं तें सांगावें. बोली मान्य झाली कीं पैसे तत्काळ घेतले जात, आणि मगच हॉटेलचें नांव उघड होई. अमान्य झाली, तर एक दिवस थांबावें लागे, किंवा विभाग वा प्रत यांत बदल करावा लागे. चतुर प्रवासी यांतूनच वाट काढीत. ज्या विभागांत चार तारकांचें किंवा त्याहून वरचें हॉटेलच नाहीं, असा विभाग ते मागणींत जोडीत आणि निर्धोकपणें आणखी एक बोली पदरांत पाडून घेत.

हॉटेलवाला हा तोटा कां सोसतो? आजची रिकामी रात्र उद्यां विकतां येत नाहीं. ती भाजीपाल्याहूनही नाशवंत आहे. परंतु दर उघडपणें उतरविला, तर कचेरीच्या खर्चानें येणारा व्यापारीही तोच मागेल. नांव झांकलें म्हणजे ज्यास अमुकच हॉटेल हवें तो पूर्ण दर देतो, आणि ज्यास केवळ स्वच्छ खोली हवी तो कमी दरांत येतो.

बोलीची ती रीत प्राइसलाइननें पुढें बंद केली. तथापि किंमत उघड व नांव गुप्त, असें तिचें धाकटें भावंड तेथें, तसेंच २००० सालीं स्थापन झालेल्या हॉटवायरवरही, अद्याप नांदत आहे.

माझ्या एका स्नेह्यांनीं वृद्ध वडिलांसाठीं शिकागोंत अशीच खोली घेतली. खोली उत्तम होती. पलंग मात्र एकच होता. दोन माणसांची सोय एवढाच करार. दोन पलंगांचें वचन कोणीं दिलें नव्हतें. स्नेही गालिच्यावर निजले, आणि मुलगा जमिनीवर म्हणून वडिलांचाही डोळा लागला नाहीं. सकाळीं वडिलांनीं विचारलें, "किती वांचले रे?" तो आंकडा सांगण्याचें धैर्य त्यांना झालें नाहीं.

म्हणून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. पहिली, त्याच विभागांतील उघड दर आधीं पाहावा. नाहींतर स्वस्त कशाहून, हेंच कळत नाहीं. दुसरी, कर व इतर आकार मिळवूनच हिशेब करावा. १२ मे २०२५ पासून अमेरिकेंत सक्तीचे आकार धरून एकूण किंमत दाखविण्याचा नियम लागू झाला. परंतु सरकारी कर त्यांतून वगळतां येतात, आणि न्यूयॉर्क शहरांत ते भाड्याच्या शेंकडा १४ च्या वर जातात. तिसरी व मुख्य, दिलेले पैसे सहसा परत मिळत नाहींत. ज्याचा बेत पक्का आहे आणि प्रकृति धडधाकट आहे, त्यानें हा सौदा खुशाल करावा. जो आजाऱ्यास भेटावयास निघाला आहे, किंवा ज्याच्यासोबत वृद्ध माणूस आहे, त्यानें मात्र चार पैसे अधिक देऊन नांव वाचूनच खोली घ्यावी. काटकसर आपल्या वांट्याची असावी. तिचा भार बरोबरच्या दुबळ्या माणसावर पडूं नये.