तळ्याचा गाळ

वैशाख तापूं लागला कीं वऱ्हाडांतील तळीं आटतात आणि गाळ नेणाऱ्या वाहनांची कांठावर रांग लागते. गाळानें शेताचा कस वाढतो, हा शेतकऱ्याचा अनुभव खरा आहे. सन २०१७ मध्यें महाराष्ट्र शासनानें धरणांतील गाळ शिवारांत नेण्याची योजनाच सुरू केली. परंतु रानांतील तळ्याचा गाळ आणि शहराच्या उशाशीं असलेल्या तळ्याचा गाळ एकाच मापानें मोजतां येईल काय?

अकोल्याच्या हजारो नागरिकांनीं जानेवारी २०१८ मध्यें मोर्णेच्या पात्रांत उतरून जलपर्णी काढली. जलपर्णी डोळ्यांस दिसते. शिसें, कॅडमियम व पारा हे जड धातु दिसत नाहींत. जुन्या घरांचा व मूर्तींचा रंग, टाकाऊ बॅटऱ्या, कारखान्यांचें पाणी, रस्त्यांवरील धूळ, इतक्या वाटांनीं ते पाण्यांत येतात. शिसेयुक्त पेट्रोल सन २००० मध्यें बंद झालें. तथापि त्यापूर्वींच्या धुराचें शिसें तळाच्या थरांत अद्याप असण्याचा संभव आहे. कारण पालापाचोळा कुजून जातो, पण धातु कुजत नाहीं.

ओल्या गाळांत हवा शिरत नाहीं. तेथें गंधकाशीं संयोग पावून कित्येक धातु बांधलेले राहतात. गाळ उपसून उन्हांत पसरला म्हणजे त्यास हवा लागते, आणि ती गांठ सैल होऊं लागते. वऱ्हाडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत धातूंस पुन्हां धरून ठेवण्याची शक्ति मोठी आहे, ही जमेची बाजू. परंतु अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत दुसरी बाजू दिसते. मिठांतील क्लोराइडशीं कॅडमियमची सोयरीक सहज जुळते, आणि मग तें पिकाच्या मुळांत अधिक सुलभतेनें शिरतें. एका शेतांत निरुपद्रवी ठरलेला गाळ दुसऱ्या शेतांत तसाच ठरेल, असें म्हणवत नाहीं.

मग धोका ओळखावा कसा? येथील जमीन बेसाल्ट खडकाची. तांबें, निकेल व क्रोमियम यांचा अंश तींत मुळांतच बराच असतो. म्हणून नुसता आंकडा मोठा दिसला, म्हणजे प्रदूषण झालें असें नव्हे. स्वीडनचे शास्त्रज्ञ लार्स हाकान्सन यांनीं १९८० मध्यें एक सुटसुटीत हिशेब सुचविला. आजचें प्रमाण मूळ प्रमाणाच्या किती पट झालें, हें काढून त्यास त्या धातूच्या विषारीपणाच्या अंकानें गुणावयाचें. जस्ताचा अंक १, क्रोमियमचा २, शिशाचा ५, कॅडमियमचा ३० व पाऱ्याचा ४०. जस्त दुप्पट झालें तर उत्तर २ येतें. कॅडमियम दुप्पट झालें तर ६०. उत्तर ४० च्या पुढें गेलें, कीं धोका मध्यम झाला असें समजतात. सर्व धातूंस एकाच तराजूंत घालणें किती चुकीचें, हें यावरून दिसतें.

ही भीति काल्पनिक नव्हे. जपानांतील जिंझू नदीच्या कांठीं खाणीच्या पाण्यांतून कॅडमियम भातखाचरांत साचलें, तेथून तांदळांत उतरलें, आणि तो भात खाणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ होऊन मोडूं लागलीं. त्या रोगाचें नांवच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतें, दुखतें' असें पडलें. जपान सरकारनें त्याचें कारण १९६८ मध्यें मान्य केलें. तोंवर कित्येकांचें आयुष्य वेदनेंत गेलें होतें.

अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे. मातीची परीक्षा या प्रांतास नवी नाहीं. शहराजवळचा गाळ शेतांत नेण्यापूर्वीं वरच्या व अगदीं खालच्या थरांचे नमुने तपासले, तर मूळ प्रमाण व आजची वाढ दोन्ही कळतात. शंका येईल तो गाळ भाजीच्या वाफ्यांत जाऊं नये. आणि शहरांतील प्रत्येक घरानें टाकाऊ बॅटरी, फुटलेल्या तापमापकांतील पारा व रंगाचे डबे गटारांत जाऊं दिले नाहींत, रंगविलेल्या मूर्तीऐवजीं शाडूची साधी मूर्ति आणली, तर तपासणाराचें काम पुष्कळच हलकें होईल. शेतकऱ्यानें विश्वासानें उचललेल्या गाळांत शहरानें काय टाकलें आहे, याचा जाब शेवटीं शहराच्याच ताटांत वाढला जातो.