पितळी सुट्या भागांची किफायत : अध्यक्षीय भाषण



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा आणि त्यानंतर तासभर बोलत राहावे, असा आपल्या परिषदांचा जुना दस्तूर आहे. परंतु ज्या सभागृहातील निम्मी मंडळी पितळेचे सुटे भाग विकत घेणारी आणि निम्मी ते कातून देणारी आहेत, त्यांच्यापुढे किफायतीवर बोलावयास उभे राहून विनयातच वेळ खर्ची घालणे मला प्रशस्त वाटत नाही. तेव्हा तो भाग आपण झाला असे समजावे.

आपल्याकडील खरेदीखात्यांत एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे. भाग महाग पडतो याचा अर्थ कारखानदार जास्त नफा घेतो, आणि तो स्वस्त करावयाचा तर तीन ठिकाणांहून कोटेशने मागवून, त्यांतील सर्वांत कमी आकडा दुसऱ्या दोघांना दाखवून, आणखी पाच टक्के कापून घ्यावेत, अशी ही समजूत आहे. या मार्गाने काहीच पदरात पडत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु उभय पक्षांचा अनुभव जमेस धरून माझे मत असे झाले आहे की, पितळी भागाच्या किमतीचा फार मोठा हिस्सा ड्रॉइंगवर सही होते त्याच क्षणी कायम झालेला असतो, आणि पुढे जी घासाघीस चालते ती उरलेल्या लहानशा हिश्श्यासाठी चालते. दात कोरून पोट भरत नाही ही म्हण आपण सर्व जाणतो, पण खरेदीच्या टेबलाशी बसलो की नेमकी तीच विसरतो.

हे असे का होते, याचे कारण पितळेच्या स्वभावात आहे. लेथवर जिचे कातकाम करावयाचे ती पितळ आपल्या भारतीय मानक ३१९ खाली येते. तिच्या सर्वाधिक वापरातल्या प्रतीत तांबे छपन्न ते एकोणसाठ टक्के, शिसे दोन ते साडेतीन टक्के, आणि बाकी मुख्यतः जस्त असते. शिसे धातूत विरघळून जात नाही, बारीक कणांच्या रूपाने विखुरलेले राहते, आणि त्यामुळे हत्यारापुढे लांबलचक गुंतवळ न होता कीस तुटक पडतो. परिणामी ही पितळ इतकी सुखाने कातली जाते की, अमेरिकेत हिच्याच एका भगिनीजातीस शंभर गुण देऊन इतर ताम्रमिश्रधातूंची कातण्यातील सुलभता तिच्याशी ताडून पाहतात. याचा अर्थ मजुरी थोडी आणि यंत्राचा वेळही थोडा. उलट धातू मात्र महाग, तांब्याच्या लंडनच्या भावाबरोबर वरखाली होणारा, आणि पोलादाहून वजनाला जड, घन सेंटिमीटरला सुमारे साडेआठ ग्रॅम. पोलादी भागात मुख्यतः यंत्राच्या तासाचे पैसे भरावे लागतात, पितळी भागात मुख्यतः धातूचे. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याने अर्धी बचत साधली असे खुशाल समजावे.

एक साधे उदाहरण जवळून पाहू. फवारणी पंपाच्या नळीस जोडावयाचा एक ॲडॉप्टर होता. त्याच्या कॉलरचा व्यास ड्रॉइंगवर २५.४ मिलिमीटर दिलेला होता, त्यास अधिकउणे ०.०५ चा टॉलरन्स होता, आणि पृष्ठभाग कातून गुळगुळीत करावा अशी टीपही होती. हे २५.४ कोठून आले याचा शोध घेता असे निष्पन्न झाले की, मूळ विलायती ड्रॉइंगवर तेथे एक इंच होते, आणि कोणा आज्ञाधारक ड्राफ्ट्समनने इंचाचे मिलिमीटर करताना दशांशाचीही इमानेइतबारे नक्कल केली होती. आता पुरवठादाराच्या व्यापाऱ्याकडे गुदामात पंचविशीची सळई होती, आणि तिच्या पुढची मिळे ती अठ्ठाविसाची. गोल पितळी सळईचे मीटरमागे वजन काढावयाचे तर मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास ६.६७ ने गुणावे, म्हणजे ग्रॅम येतात; त्या हिशेबाने अठ्ठाविसाची सळई मीटरला ५.२३ किलो भरते आणि पंचविसाची ४.१७ किलो. भागाची लांबी, कापणीच्या पात्याची जाडी धरून, चाळीस मिलिमीटर. म्हणजे नगामागे बेचाळीस ग्रॅम, आणि हजार नगांमागे बेचाळीस किलो पितळ केवळ कीस करून टाकण्यासाठी विकत घेतली जात होती. त्या कॉलरला कशातही बसावयाचे नव्हते, कशावरही घासावयाचे नव्हते. हाताला लागणारा तो एक मोकळा भाग होता. व्यास पंचवीस केला, सळईचा मूळचा ओढीव पृष्ठभाग तसाच चालेल असे लिहून दिले, आणि भागाची किंमत कोणाचाही नफा न कापता खाली आली. पुरवठादार तर उलट अधिक खूष झाला, कारण त्याचे एक कातकाम वाचले.

या ठिकाणी किसाविषयी दोन शब्द बोलतो, कारण हा विषय आपल्या व्यवहारात नेहमी अर्धवट झाकलेला राहतो. पितळेचा कीस म्हणजे कचरा नव्हे. तो भट्टीवाला रोख पैसे देऊन घेऊन जातो, आणि त्याचा भाव सळईच्या भावाहून कमी असला तरी मामुली खासच नसतो. भागाच्या पोटात मोठे भोक असेल तर विकत घेतलेल्या धातूपैकी अर्ध्याहून अधिक किसात जातो. तो कीस कोणाच्या जमेस धरला आहे हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून मागणे यात कोणाचाही अपमान नाही. माल गिऱ्हाइकाचा आणि लेबर पुरवठादाराची असा जॉबवर्कचा करार असेल तर किसाचे वजन चलनावर यावे. माल पुरवठादाराचा असेल तर किसाचा भाव वजा करून दर काढला आहे की नाही, हे एका प्रश्नाने कळते. तो प्रश्न न विचारता मजुरीतले चाळीस पैसे कमी करण्यात फुशारकी मारणारे खरेदी अधिकारी मी पाहिले आहेत.

आता टॉलरन्सकडे वळतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात साऱ्या मापांस सरसकट अधिकउणे ०.०२ असा शिक्का मारून ठेवण्याची चाल कोठून पडली कोण जाणे. शिक्का मारणाऱ्यास त्याचे काहीच मोल पडत नाही, मात्र कातणाऱ्यास पडते. बारा मिलिमीटरच्या भोकास एच ७ लिहिले की त्यास अठरा मायक्रॉनची मुभा मिळते, आणि तेथे ड्रिलने भागत नाही, रीमर घालावा लागतो, प्लग गेज ठेवावा लागतो, आणि तपासनीसाचा वेळ जातो. त्याच भोकातून नुसते पाणी वाहावयाचे असेल तर एच ११ पुरे होतो, म्हणजे मुभा एकशे दहा मायक्रॉनची. ज्या मापांचा कोणाशी संबंध येत नाही त्यांना सर्वसाधारण टॉलरन्सच्या आंतरराष्ट्रीय मानकातील मध्यम वर्ग लावावा. सहा ते तीस मिलिमीटरच्या मापांना तेथे अधिकउणे ०.२ ची सवलत आहे. ज्या दोनतीन मापांवर जोडणी खरोखर अवलंबून आहे तेवढ्यांवरच खूण करावी, आणि तपासणीचा दाखला तेवढ्यांचाच मागावा. भोक आंधळे असेल तर ड्रिलच्या टोकाचा शंकू तळाशी राहू द्यावा. तळ सपाट पाहिजे असा आग्रह धरणे म्हणजे आणखी एक हत्यार आणि आणखी एक फेरी.

आट्यांच्या बाबतीत आपण एका जुन्या वारशाचे धनी आहोत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे जे प्रमाण मांडले, त्यातला पंचावन्न अंशांचा कोन आपल्या नळजोडणीत आजही जिवंत आहे. अर्ध्या इंची नळाच्या आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर आणि इंचाला चौदा आटे, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्लंबरच्या हातात बसलेले आहे, मग त्याला आकडे पाठ असोत वा नसोत. अशा चालू आट्यांची टॅप, डाय आणि गेज बाजारात तयार मिळतात. जो संकल्पक आपल्या बुद्धीने एखादा निराळाच पिच योजतो तो पुरवठादारास खास टॅप बनवावयास लावतो, जाणारा आणि न जाणारा असे दोन्ही गेज करावयास लावतो, आणि हा सारा भुर्दंड पहिल्या ऑर्डरवर बसतो. आट्याची लांबीही तपासून पाहावी. व्यासाच्या दीडपटीच्या पुढे ती वाढवून बळकटी फारशी वाढत नाही, हत्यार मात्र लवकर मोडते.

निकेलच्या मुलाम्याचा एक बारकावा पुष्कळ ठिकाणी सुटतो. साठ अंशांच्या आट्यावर मुलामा चढला की आट्याचा पिच-व्यास मुलाम्याच्या जाडीच्या चौपट वाढतो. आठ मायक्रॉनच्या थराने बत्तीस मायक्रॉनची वाढ झाली. ड्रॉइंगवरचे माप मुलाम्यापूर्वीचे की नंतरचे हे लिहिले नसेल तर सबंध लॉट तयार होऊन, मुलामा चढून, गेजवर नापास होऊन परत येतो, आणि मग दोन कारखान्यांत पत्रव्यवहार सुरू होतो. एका ओळीच्या टिपेने हे टळते.

नगसंख्येचा हिशेब तर शाळकरी आहे, तरी त्याकडे दुर्लक्ष होते. समजा, यंत्र मांडावयास दोन हजार रुपये लागतात. पन्नास नग घेतले तर नगामागे चाळीस रुपये, पाचशे घेतले तर चार, आणि पाच हजार घेतले तर चाळीस पैसे. जुन्या ट्रॉब यंत्रांवर प्रत्येक भागासाठी निराळे कॅम कापावे लागत, म्हणून थोड्या नगांना तेथे जागाच नव्हती. सीएनसीने ती अडचण दूर केली, परंतु मांडणीचा वेळ शून्य केला नाही. तेव्हा वर्षाची गरज एकदम सांगून, महिनावार उचल घेण्याची तजवीज ठेवणे उभयतांच्या हिताचे. संख्या आणखी वाढली आणि आकार वाकडातिकडा असला, कोपर किंवा व्हॉल्व्हचे अंग असले, तर सळईतून कातण्याचा हट्ट सोडून गरम फोर्जिंगचा विचार करावा. साच्याचा खर्च एकदा पडतो, परंतु कीस फार थोडा निघतो. जामनगरच्या कारखानदारांनी पितळी भागांत जो दबदबा मिळविला आहे त्यामागे सळई, भट्टी, फोर्जिंग, कातकाम आणि मुलामा ही सर्व अंगे एकाच गावात हाताशी असणे हे मोठे कारण आहे, आणि आपल्या भोसरीने व कोल्हापूरच्या उद्यमनगराने त्याचा मत्सर न करता अभ्यास करावा.

किफायतीस मर्यादा आहेत, हेही अध्यक्षाने सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. ती तबेल्यांजवळ साठविलेली असत. ओढून आकार दिलेल्या पितळेत ताण कोंडलेला, आणि घोड्यांच्या मलमूत्रातून अमोनियाचा वायू दमट हवेत पसरलेला. दोहोंच्या संयोगाने धातू चिरत असे, ही कारणमीमांसा १९२१ च्या सुमारास इंग्लंडातील संशोधकांनी नीट मांडली. उपाय साधा आहे: अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसला भाग काही वेळ तापवून ताण काढून टाकणे. ज्या भागाची कड दाबून बसविली जाते, किंवा जो गोठ्याच्या, खतांच्या नि शीतगृहांच्या परिसरात वापरला जातो, त्याचा हा भट्टीचा खर्च दर कमी करण्यासाठी जो वगळतो, तो आपले पैसे वाचवीत नाही, गिऱ्हाइकाचे बुडवितो. तीच गोष्ट शिशाची. पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात येणारे भाग अमेरिकेस पाठवावयाचे तर २०१४ पासून तेथे ओल्या पृष्ठभागावरील शिशाची भारित सरासरी ०.२५ टक्क्याच्या आत असावी लागते. बिनशिशाची पितळ महाग असते, हळू कातली जाते, तिचा कीस गुंततो, आणि म्हणून तिचा दर अधिक पडतो. हा अधिक दर वाजवी आहे आणि तो बिनतक्रार द्यावा.

शेवटी एक खर्च असा आहे जो कोणत्याही ड्रॉइंगवर दिसत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या देण्यांसाठी २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची मुदत घातली आहे, आणि ती टळल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद केली आहे. तरीही पुरवठादार ते व्याज मागत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याला हवी असते. तो ते गुपचूप पुढच्या दरात मिळवून ठेवतो. पितळेच्या धंद्यात हे विशेष जाणवते, कारण सळईवाला त्याला महिनाभराचीही उधारी देत नाही. जो ग्राहक तिसाव्या दिवशी न चुकता पैसे चुकते करतो त्याला मिळणारा दर आणि शंभराव्या दिवशी देणाऱ्याला मिळणारा दर यांत तफावत असते, आणि ती असावी हेच न्याय्य आहे.

या परिषदेचे दोन दिवस ठराव आणि परिसंवाद पुष्कळ होतील. माझी विनंती त्याहून लहान आहे. येथे जमलेल्या प्रत्येक ग्राहक-कारखानदाराने घरी परतल्यावर चालू ऑर्डरपैकी सर्वांत मोठ्या खपाच्या एका पितळी भागाचे ड्रॉइंग, संकल्पकासह, पुरवठादाराच्या लेथपाशी घेऊन जावे, ऑपरेटरला विचारावे की यातले काय तुला जड जाते, आणि तो सांगेल ते तेथल्या तेथे ड्रॉइंगवर पेन्सिलीने लिहून घ्यावे. दराविषयीचे बोलणे त्यानंतर करावे.