टाकी शाबूत आहे का?



वसंत व्याख्यानमालेत, ऐन उन्हाळ्यात गिझरवर बोलायचं हे मी मुद्दाम ठरवलं. गिझर बंद पडतो तो थंडीत, आणि तेव्हा घरात कोणालाच विचार करायला सवड नसते. आंघोळी खोळंबलेल्या, मुलांच्या शाळेची वेळ झालेली, आजोबांना गार पाणी चालत नाही. मग जो कारागीर आधी येईल तो म्हणेल ते खरं. तो म्हणाला, "बदलूनच टाका," की संध्याकाळी नवा गिझर भिंतीवर. आत्ता मात्र तो बंद आहे, गार आहे, उघडून पाहता येतो.

गिझर किती वर्षांचा झाला, हे आपण आधी विचारतो. माझ्या मते आधी विचारायचं ते टाकीबद्दल. साठवणीच्या गिझरमध्ये टाकी सोडून जवळजवळ सगळं बदलता येतं: कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, व्हॉल्व्ह. टाकी गेली की गिझर गेला. वॉरंटी कार्ड काढून बघा, टाकीची मुदत बहुधा वेगळी आणि सर्वांत लांब लिहिलेली असते. बनवणाऱ्यालाही गिझरचं आयुष्य तिथेच दिसतं.

जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबाला भोक पडलं, तर तांबट डाग देऊन द्यायचा आणि बंब पुन्हा वर्षानुवर्षं चालायचा. आजच्या बऱ्याच गिझरची टाकी पोलादाची असते आणि आतून तिला काचेसारखा मुलामा असतो. तिला वेल्डिंग केलं तर आचेनं हा मुलामाच तडकतो आणि गंज शेजारून सुरू होतो. अशी टाकी कोणी सांधून देतो म्हणालं, तर नाही म्हणा.

पण टाकीच गळते आहे, हे कशावरून ठरवायचं? इथे फार गफलत होते, आणि त्या गफलतीपायी चांगले गिझर भंगारात जातात. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं, की ते साधारण पावणेचारशे मिलिलिटरनं वाढतं. त्याला मागे जायला वाट नसेल, तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. गिझर चालू असतानाच थेंब पडत असतील आणि नंतर थांबत असतील, तर व्हॉल्व्ह आपलं काम करतो आहे. कृपा करून त्या तोंडाला बूच मारू नका. दुसरी शक्यता गॅस्केटची. मेन स्विच बंद करून, गिझर गार झाल्यावर जाणकाराकडून खालचं झाकण काढून घ्या. कॉइल जिथे बोल्टांनी बसवलेली असते तिथे ओल असेल, तर रबराचं गॅस्केट बदलून भागतं. पाणी त्याच्याही वरून, आतल्या फोममधून झिरपत असेल आणि त्यावर गंजाचा तांबूस रंग असेल, तर टाकी गेली. मग दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नये.

टाकी इतक्या लवकर का जाते, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. मुलाम्याला बारीक चीर असली, की तिथल्या पोलादाऐवजी हा रॉड झिजतो. युक्ती जुनी आहे. युद्धनौकांच्या तळाचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात खराब होत, म्हणून हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली त्यांना लोखंड आणि जस्त जोडून पाहिलं. ते झिजलं आणि तांबं वाचलं. आपल्या टाकीतला रॉड तेच करतो, पण संपला की पुढची पाळी टाकीची असते. आणि हा रॉड बहुतेक घरांत कोणाला माहीतच नसतो! बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्यावर तो लवकर संपतो. तिथे वर्षातून एकदा, एरवी दोन वर्षांतून एकदा तो काढून बघावा. टाकीच्या मानानं त्याची किंमत नगण्य आहे.

याच पाण्यातला विरघळलेला चुना तापल्यावर कॉइलवर थरानं बसतो. गिझर कडकड आवाज करू लागला, तर हा थर झाला आहे असं समजा. कॉइल आत जास्त तापते आणि एक दिवस फुटते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला, तर त्याला पाण्याचं तापमान नीट कळत नाही. दोन्हीवर उपाय आहे तो साफसफाईचा, फार तर नव्या कॉइलचा.

"जुना गिझर वीज जास्त खातो" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. हिशोब करून बघू. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला १.१६ युनिट लागतात. दोन किलोवॉटच्या कॉइलला सुमारे ३५ मिनिटं. कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता पाण्यालाच मिळते, मग ती जुनी असो की नवी. वाया जाते ती टाकीच्या भिंतींतून, पाणी तापून नुसतं उभं राहिल्यावर. स्टार लेबलमध्ये हीच चोवीस तासांची गळती मोजतात. पण आपल्याकडे बहुतेक घरांत आंघोळीपुरता गिझर लावून बंद करतात. त्या घरात जास्त स्टारच्या गिझरनं वाचणारी वीज थोडीच असणार. दिवसभर चालू ठेवणाऱ्यांची गोष्ट निराळी.

पाणी तापायला फार वेळ लागतो, अशी तक्रार असेल तर आधी व्होल्टेज मोजून घ्या. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील, तर दोन किलोवॉटची कॉइल दीडच किलोवॉट देते आणि ३५ मिनिटांची ४६ होतात. यात गिझरचा काही दोष नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला, ते सांगतो. पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा कटआउट सारखा उडतो म्हणून कारागीर तो काढून वायर "डायरेक्ट" करून देतो. शंभर-दोनशे रुपयांत गरम पाणी सुरू होतं आणि घर खूश होतं. याला मी दुरुस्ती मानत नाही. थर्मोस्टॅट अडकला आणि वर कटआउट नसेल, तर पाणी उकळत राहतं. त्यात व्हॉल्व्ह क्षारानं बुजलेला असेल, तर टाकी फुटते. तसंच आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं. कॉइलला चीर गेली की वीज बाहेरच्या पत्र्यात उतरू लागते, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी उडतो तो ओल्या अंगाच्या माणसाला वाचवण्यासाठी. अशा वेळी कॉइल बदलायची असते. अर्थिंगची वायर सोडून ठेवणारा, आरसीसीबीला वळसा घालणारा माणूस पुन्हा घरात घेऊ नका, तो कितीही स्वस्त असो. आणि गिझर इतका जुना असेल की कटआउट किंवा व्हॉल्व्ह मूळ मापाचा मिळतच नाही, तर टाकी शाबूत असूनही तो उतरवा. इथे मी माझाच नियम मोडतो, आणि पूर्ण विचारानं मोडतो.

सुटे भाग न मिळणं ही काही निसर्गाची करणी नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, आणि घरगुती टिकाऊ वस्तू त्यात धरल्या आहेत. ग्राहक म्हणून आपण भाग मागितले पाहिजेत, लेखी मागितले पाहिजेत.

बैठ्या घरातून टॉवरमध्ये जाताना जुना गिझर नेणार असाल, तर त्याच्या पट्टीवरचा दाबाचा आकडा आधी वाचा. दर दहा मीटर उंचीच्या पाण्यामागे साधारण एक बार दाब वाढतो, आणि प्रेशर पंप असेल तर त्याचा वेगळा.

नवा घ्यायची वेळ आलीच, तर स्टार आणि रंग नंतर बघा. आधी विचारा की रॉड वेगळा विकत मिळतो का, केवढ्याला, आणि तो काढायला किती जागा मोकळी सोडावी लागेल. छताला टेकवून बसवलेल्या गिझरमधून वरून निघणारा रॉड पुढे कोणालाच काढता येत नाही. बसवल्याची तारीख तिथेच बाहेरच्या पत्र्यावर मार्करनं लिहून ठेवा आणि रॉड बदलाल तेव्हा तिच्याखाली दुसरी लिहा.